नव्या मशिनला कुंकू

माझा आवाज मोठा आहे, हे मला निम्म्या वागळे इस्टेटने सांगून झालंय. असू दे. ज्या कारखान्यात तपासणीवालीचा आवाज बारीक, तिथला माल परत येतो. मी सरोज टिपणीस, राहणार कोपरी, ठाणे पूर्व. मॉरिस मिस्किटाच्या कारखान्यातलं तपासणी खातं माझ्याकडे आहे आणि मी असेपर्यंत माझ्याकडेच राहणार आहे.

मॉरिसही कोपरीचाच. लहानपणी एका गल्लीत भांडून मोठे झालो, त्यामुळे तो मालक आणि मी नोकर हे आम्हा दोघांच्याही कधी नीट लक्षात राहिलं नाही. आमचं काम स्टीलचे पाइप जोडण्याचं. दुधाच्या डेअऱ्या, औषधांच्या कंपन्या, अशी गिऱ्हाइकं. बरं चाललं होतं. तेवढ्यात जगात कॉम्प्युटर-मोबाइलमधल्या चिपच्या कारखान्यांची पळापळ सुरू झाली. अमेरिका म्हणते आमच्याकडे या, जपान म्हणतो आमच्याकडे, मलेशिया आणि व्हिएतनाम तर आधीपासूनच दार उघडून बसलेले. आपल्याकडे गुजरातेत कारखाने उभे राहायला लागले आणि मॉरिसच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

चिप बनवायला निरनिराळे वायू लागतात. ते ज्या पाइपांतून जातात ते आतून आरशासारखे लख्ख हवेत. डोळ्यांना न दिसणारा एक कण आत राहिला तरी तिकडे माल वाया जातो. असे पाइप जोडायला खोलीसुद्धा तशीच लागते, गाळलेल्या हवेची. मॉरिसने मागचं गोदाम रिकामं करून ती बांधली, जोडणीचं नवं मशीन आणलं आणि डेअरीचं चालू काम सोडून दिलं.

"सोडलंस? डोकं फिरलंय का तुझं?" मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन ओरडले.

"अर्धवट कशाला करायचा गो सरोज?" तो म्हणाला. "करायचा तर पुरता."

म्हणजे आता माघार नव्हती. तैवानची एक कंपनी चिपच्या कारखान्यांसाठी वायूची यंत्रणा बनवायची. गुजरातेतल्या कामासाठी तिला पाइप हवे होते आणि एकच जागा निवडायची होती: व्हिएतनामचा एक कारखाना, मलेशियाचा एक, नाहीतर आम्ही. आमचे नमुने पसंत पडले तर काम आमचं. नाही पडले तर कुलूप. कंपनीच्या लिन बाई स्वतः नमुने न्यायला यायच्या होत्या, आणि त्यांनी दिवस निवडला तो नेमका दसऱ्यानंतरचा.

आमच्याकडे दसऱ्याला प्रत्येक मशिनची पूजा होते. मॉरिस चर्चमधली रविवारची मिस कधी चुकवत नाही, पण दसऱ्याचा नारळही तोच फोडतो. रांगोळी माझी, हार-फुलं देवरामची. देवराम डोंबिवलीजवळच्या कोपरचा, तिथून रोज येतो, आणि नवं मशीन तोच चालवतो. त्या वर्षी मी आधीच दम भरला होता. नव्या खोलीत फूल नाही, उदबत्ती नाही, कुंकू नाही, आणि अंगात झगा न घालता कोणी आत पाऊल टाकलं तर माझ्याशी गाठ आहे. देवरामचं तोंड एवढंसं झालं, पण तो ऐकणाऱ्यातला आहे.

दसऱ्याला सकाळी मी खोलीतल्या हवेत किती कण आहेत त्याची मोजणी घेतली, ती छान आली. मग बाहेर पूजा झाली, पेढे झाले. दुपारभर देवरामने आत नमुने जोडले आणि संध्याकाळी मी ते दुहेरी पिशव्यांत बंद केले. घरी गेले ती अगदी हवेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन पुसायला घेतलं. मागच्या बाजूने फडकं फिरवलं आणि बघते तर पांढऱ्या फडक्यावर लाल रेघ!

मी हात लावूनही बघितलं नाही. कुंकू मला कळत नसेल तर कोणाला कळणार? तशीच बाहेर आले आणि देवरामला सगळ्यांसमोर धुवून काढलं.

"नाय ओ ताई, आयशप्पत!" तो बिचारा पांढराफटक पडला. "पूजेच्या टायमाला मी आत पायपण नाय टाकला. मी हार लावत व्हतो, तुमच्यासमोरच व्हतो ना!"

"मग काय मशिनने स्वतःच लावून घेतलं?"

"मीच लावलाय," मागून आवाज आला.

मॉरिस उभा होता. मान खाली, शाळेत पकडल्यावर उभा राहायचा तसा.

"तू?" मी फडकं त्याच्यासमोर धरलं. "मॉरिस, तू?"

"झगा घातलेला मी," तो घाईने म्हणाला. "तुम्ही पेढे खात होतात तेव्हा गेलेलो. बाहेर सगळ्या मशिनींना लावला, नि ती एकटीच आत कोरी राहिलेली. नवी सून घरात आली नि सणाला तिलाच टिळा नाय, बरा दिसतो का? एकच बोट टेकवला गो. मागच्या बाजूला. दिसणार नाय असा."

पन्नाशी उलटलेला ख्रिश्चन माणूस, माझी नजर चुकवून मशिनला कुंकू लावतो! मला हसावं की त्याच्या टाळक्यात काही घालावं कळेना. दोन्ही केलं नाही, कारण तेवढ्यात स्वीडल आत आली. स्वीडल मॉरिसची मुलगी, गिऱ्हाइकांशी बोलणं, पत्रव्यवहार तिच्याकडे. तिने दोन मिनिटांत सगळं ऐकून घेतलं.

"ओके. चिल," ती म्हणाली. "सरोजआंटी, जोडताना पाइपच्या आत तर सतत गॅस चालू असतो ना? बाहेरचं काही आत जातच नाही. नमुने परफेक्ट असणार. फडकं टाकून दे, मशीन पूस, विषय संपला."

"आणि जोडायच्या आधी टोकं उघडी होती, तेव्हा?"

"अगं, चान्स किती? लिन मॅडम तासाभरात येतायत. इथून थेट व्हिएतनाम. आज नमुने दिले नाहीत तर गेलो ना आपण!"

ती चुकीचं बोलत नव्हती. बहुतेक नमुने चांगलेच असणार, हे मलाही माहीत होतं. पण बहुतेक या शब्दाखाली मी आजपर्यंत सही केलेली नाही. मी मॉरिसकडे बघितलं. कारखाना त्याचा, सगळं पणाला लावलेलं त्याचं, आणि चूकही त्याचीच.

"बोल," मी म्हटलं. "लपवायचं असेल तर दुसऱ्या कोणाची तरी सही घे."

मॉरिसने चेहऱ्यावरून हात फिरवला. "सांग त्यांना," तो म्हणाला. "तूच सांग पण. माझ्याच्याने नाय होणार."

लिन बाई आल्या. बुटक्या, माझ्याच वयाच्या, केस बारीक कापलेले. मी चहासुद्धा येऊ दिला नाही. फडकं समोर ठेवलं आणि माझ्या साध्यासुध्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं: सण कुठला, ही पूड कसली, लावली कोणी आणि का. नमुन्यांवर मी सही करणार नाही, हेही सांगितलं. स्वीडल खिडकीबाहेर बघत होती. पोरीचे डोळे भरून आले होते.

लिन बाईंनी फडकं उचलून उजेडात धरलं. मग मॉरिसकडे वळून म्हणाल्या, "आमच्याकडेही लोक मशिनवर खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात. मशीन खूश राहावं म्हणून." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "पण पाकीट फोडत नाहीत."

मॉरिस इतका लाजला की मला त्याची दया आली.

"ते नमुने फेकून द्या," त्या मला म्हणाल्या. "माझं विमान रात्री आहे. खोली धुवा, हवा मोजा, नवीन जोडा. मी बसते."

मग जी काय धांदल उडाली! देवराम आणि मी आतमध्ये छतापासून जमिनीपर्यंत पुसत सुटलो. आत येणारी प्रत्येक वस्तू दारात स्वीडल पुसून देत होती, केस टोपीत कोंबून. मॉरिसला मी खोलीच्या आसपासही फिरकू दिलं नाही. तो काचेबाहेर उभा राहून फडक्यांच्या चळती पुरवत होता. झगे, हातमोजे, टोप्या, नुसते डोळे दिसत होते सगळ्यांचे. दुपारपर्यंत मोजणी खाली येईना. मी पुन्हा पुसायला लावलं. देवरामने एकदाही कुरकुर केली नाही, उलट मशिनचं पोट उघडून आतून पुसायला घेतलं. तेव्हा कुठे आकडा उतरला. उतरला तो आदल्या दिवशीपेक्षाही खाली.

लिन बाई झगा घालून आत आल्या आणि देवरामच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. मला वाटलं, हा आता गडबडणार. कसला गडबडतोय! टोकं घासून सरळ केली, पाइपला पाइप भिडवला, पकडीत बसवला, मशीन फिरवलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. जोड कुठे आहे हे मला शोधावं लागत होतं, आणि मी काही दयामाया दाखवणारी बाई नाही. लिन बाईंनी त्यातला एक उचलला, उभा कापून घेतला आणि आतला जोड भिंगाखाली धरला. खूप वेळ बघत राहिल्या. मग उरलेले नमुने उचलले, माझी सही घेतली, आणि बरं-वाईट काही न बोलता विमानतळाकडे निघून गेल्या.

त्यानंतर नुसती वाट बघणं. दिवाळी गेली. स्वीडल माझ्याशी कामापुरतं बोलायची. एकदा मात्र तिच्या तोंडून निघालंच, "तुझा खरेपणा आपल्याला महागात पडणार, आंटी." मी तिला फटकारलं, पण घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. देवरामच्या घरी काय सांगायचं, कारखान्यातल्या पोरांना दुसरी नोकरी कोण देणार, हे डोक्यातून जात नव्हतं. चूक केली असं मात्र एकदाही वाटलं नाही.

नाताळच्या आधी ऑर्डर आली. स्वीडल केबिनमधून धावत आली आणि मला मिठीच मारली. मग कागद बघून तिचा चेहरा पडला.

"पत्ता चुकलाय यांचा. गुजरातचा नाहीये. तैवानचा आहे."

तिने तिथल्या तिथे लिन बाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. लिन बाई म्हणाल्या, पत्ता बरोबर आहे. गुजरातचं काम तुमचंच, पण त्याला अजून वेळ आहे. हा माल आमच्या स्वतःच्या कारखान्यासाठी. आणि एक गोष्ट, इतर सगळ्यांची खोकी आम्ही आल्यावर उघडून तपासतो. त्या सरोज बाईंची सही असेल तर ते खोकं थेट आत जाईल.

"ताई, म्हणजे?" देवरामने विचारलं. "आपन तर समजत व्हतो, त्यांचं काम आपल्याकडं येतंय."

"येतंय रे," मॉरिस म्हणाला. "पण आपला पाइप पहिला त्यांच्या घरात चाललाय." आणि तो तिथेच खुर्चीवर बसून रडायला लागला.

फेब्रुवारीत लिन बाईंनी एक फोटो पाठवला. त्यांच्या कोठारातली लांबच लांब मांडणी, प्रत्येक कप्प्यावर माल जिथून येतो त्या गावाचं नाव. जपानची गावं, तैवानची गावं, आणि टोकाच्या कप्प्यावर नवी कोरी पट्टी: ठाणे.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बोल ना काहीतरी, आंटी," स्वीडल म्हणाली.

"पट्टी जरा तिरकी लावलीय," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझा तो मोठा आवाज अभिमानाने बारीक झाला होता.