बुशातला शनीश्वर

मशीन चालू असलं की वरदरावाच्या डोळ्यांवर झापड यायची, बंद पडलं की टक्क जाग. मेलकावेरीच्या त्या वर्कशॉपात बिचारा आठ दिवस टक्क जागा होता.

सरफेस ग्राइंडरचा स्पिंडल, म्हणजे ज्या दांड्याच्या टोकाला घासायचं चाक गरगरतं तो, काशाच्या ज्या नळीत, म्हणजे बुशात, फिरतो ते बुश झिजून सैल झालं होतं. चाक थरथरायचं. सुपारी कातरायची पाती सपाट निघायची सोडून त्यांच्यावर कावेरीसारख्या बारीक लाटा उमटायच्या. वरदरावाला त्या लाटा फार सुंदर वाटायच्या. मालक शंकरनारायण मुदलियारांना वाटत नव्हत्या.

"रावजी, पुढच्या शुक्रवारपर्यंत पाती सपाट हवीत. नाहीतर हे धूड भंगारात आणि तुम्ही सासऱ्याकडे!"

सासऱ्यांची सुंदरपेरुमाळ कोयिलला केळीची बाग होती. तिथे जावयासाठी एकच काम रिकामं होतं: माकडं हाकलायचं.

"माकडं तरी तुमचं ऐकतील का हो?" त्याच्या बायकोने, महालक्ष्मीने, ताक वाढता वाढता विचारलं. "उद्या घडाकडे बघत उभे राहाल, आणि माकडं तुम्हाला हाकलतील."

हे अगदी खरं असल्यामुळे वरदराव सकाळीच स्वामीमलैच्या बसमध्ये बसला. मद्रासहून नवं बुश यायला दोन महिने लागणार होते. काशाच्या मूर्ती ओतणारे स्थपती मात्र हाकेच्या अंतरावर होते. मांडीवर जुनं बुश होतं. खिडकीबाहेर भाताची शेतं संथ गोल फिरत होती, नारळाची झाडं डुलत होती, आणि वरदरावाला वाटलं, सगळ्या जगाचं बुश सैल झालंय, कुणीतरी एकदा नीट बसवायला हवं.

कृष्णमूर्ति स्थपतींनी नारळाच्या झावळीची पट्टी घेतली, घड्या घालून बुशाचं माप काढलं आणि विचारलं, "देव कोणता?"

"देव नाही, स्वामी. यात एक जण फिरतो."

"नाचतो?"

"नाही. एका जागी राहून फिरतो. दिवसभर."

"रंग?"

"काळा."

"नैवेद्य?"

"तेल. तेल नसलं तर तापतो, आणि मग कुणाचं खरं नाही."

स्थपतींनी हात जोडले. "आधीच नाही का सांगायचं! काळा, तेल घेणारा, कोपला तर सोडत नाही. पुढच्या बुधवारी या."

वरदरावाला हे सगळं बरोबरच वाटलं. तसंही मेणाच्या वासाने तो अर्धा स्वप्नातच होता.

बुधवारी बुश तयार होतं. सोन्यासारखं पिवळं, गोल, गुळगुळीत. वरदरावाने बोट आत फिरवलं आणि बोट अडकलं. आतल्या भिंतीवर, समोरासमोर, मासोळीसारख्या दोन लांबट खाचा होत्या. जिथे केसाएवढा ओरखडाही चालत नाही, नेमक्या तिथे.

"हे काय केलंत स्वामी?"

"डोळे उघडले," स्थपती अभिमानाने म्हणाले. "मूर्तीचे उघडतात तसेच, सोन्याच्या छिन्नीने, मुहूर्त बघून. शनीश्वराची नजर बाहेर नको, म्हणून आतल्या बाजूला."

वरदरावाला बसमध्ये केळीची पानं दिसायला लागली. पानापानावर माकडं बसलेली, सगळी डोळे उघडून.

दुसरं ओतायला वेळ नव्हता. गुरुवारभर तो स्पिंडलला खुणेचा निळा रंग लावायचा, बुशात फिरवायचा, जिथे निळं उमटेल तिथे हलक्या हाताने खरवडायचा. निळं, खरवड, निळं, खरवड. डोळ्यांच्या खाचा तेवढ्या जशाच्या तशा राहिल्या. त्या खरवडून जाण्यासारख्या नव्हत्याच.

शुक्रवारी मुदलियार समोर येऊन उभे राहिले. वरदरावाने तेल सोडलं, बटण दाबलं. चाक सुरू झालं, आणि इतकं शांत फिरायला लागलं की फिरतंय की झोपलंय तेच कळेना. बुशाला हात लावला तर ते गारच! तेल त्या दोन्ही डोळ्यांत जाऊन बसत होतं आणि दर फेऱ्याला स्पिंडलला नवं काजळ घातल्यासारखं सगळीकडे पसरत होतं. घासलेलं पातं उचललं, तर मुदलियारांना त्यात स्वतःची मिशी दिसली. सरळ.

"रावजी! हे जमलं कसं?"

वरदराव धुंदीत होता. खोटं बोलायला जी हुशारी लागते ती त्याच्याकडे तेव्हा नव्हती.

"शनीश्वराने डोळे उघडले," तो म्हणाला. "आत बसलाय. तुमच्या अगदी समोर."

मुदलियारांनी अशी उडी मारली की धोतराचा सोगा तेलाच्या डब्यात गेला. भिंतीला पाठ घासत, मशीनचं तोंड चुकवत ते दारापर्यंत पोचले.

"हे भंगारवाल्याला देऊन टाकायचं का मग?" वरदरावाने घाबरत विचारलं.

"वेड लागलंय? त्याला घराबाहेर काढून आणखी चिडवू?" मुदलियार दाराआडून ओरडले. "दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही! तुम्ही आणलंत, तुम्हीच त्याच्यापाशी बसायचं."

"किती दिवस?"

मुदलियारांनी बोटं मोजली.

"साडेसात वर्षं तरी!"