कुठल्या घड्याळाचे चार?

मी एक जुना रकाना आहे. तुमच्या वहीत पट्टीनं आखलेला नव्हे, मित्रांनो. एका रुग्णालयाच्या संकेतस्थळामागं जो डेटाबेस आहे, म्हणजे माहितीचं कोठार, त्यातला. 'भेटीची वेळ' हे माझं नाव. कुठल्या पेशंटला कुणी कधी भेटायचं, ते माझ्यात लिहिलेलं असतं. हसू नका. चारचा आकडा सांभाळणं तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही.

मला एका प्रोग्रामर बाईंनी घडवलं. त्यांनी तेव्हाच साहेबांना विचारलं होतं, "शेजारी आणखी एक रकाना घालू का? वेळ कुठल्या देशाच्या घड्याळाची, ते लिहायला."

साहेब कपातला चहा ढवळत म्हणाले, "अहो, पेशंट इथले, नातेवाईक इथले, घड्याळसुद्धा इथलंच. कशाला उगाच डोक्याला ताप?"

झालं! माझा शेजारी जन्मायच्या आधीच गेला आणि मी एकटा राहिलो.

सुरुवातीची वर्षं मात्र झकास गेली, खोटं कशाला बोलू? फाटकापाशी भेटणाऱ्यांची झुंबड उडायची, ती थांबली. "या साइटनं आमचा घसा वाचवला," असं वॉर्डातल्या सिस्टर म्हणायच्या, तेव्हा मी मनातल्या मनात कॉलर ताठ करायचो. पुढं परदेशातल्या नातेवाइकांसाठी पडद्यावरची भेट सुरू झाली. पेशंटसमोर टॅब धरायचा आणि तिकडच्या माणसानं तिकडून बोलायचं. तेव्हा तरी कुणाला माझ्या शेजाऱ्याची आठवण यावी? छे! लोक बोटांवर हिशेब करत राहिले, इकडचे चार म्हणजे तिकडचे किती.

अशाच एका लेकीनं वडिलांसाठी चारची वेळ घेतली. वडील बस चालवून निवृत्त झालेले. थांब्यावर नेहमी पाच मिनिटं आधी पोचणारे, म्हणून लोक त्यांना 'पाचमिन्टे' म्हणत. आता त्यांचा श्वास पुरत नव्हता. घशात नळी घालावी लागणार होती आणि नळी गेली की बोलणं बंद. ती भेट त्याआधीची होती. सिस्टरांनी आदल्या दिवशीच खाटेजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'लेक, चार वाजता'.

भेटीच्याच दिवशी सकाळी माझं नशीब फुटलं. नव्या प्रोग्रामरनं नियम बदलला. यापुढं सगळ्या वेळा जगाच्या प्रमाण घड्याळानं लिहायच्या आणि पाहणाऱ्याला त्याच्या देशाच्या घड्याळात करून दाखवायच्या. नियम चांगलाच होता हो! पण माझ्यात आधीपासून बसलेल्या इथल्या वेळाही त्यानं प्रमाण घड्याळाच्याच समजल्या. मी घसा फोडून सांगितलं असतं, पण रकान्याला कुठला घसा? ते घड्याळ आपल्याहून साडेपाच तास मागं असतं, म्हणून लेकीचे चार तेवढेच पुढं सरकले.

तिनं कारखान्यात तेवढ्या वेळेपुरती सुट्टी घेतली होती. साइटवर वेळ पुढं गेलेली पाहून ती धावत मुकादमाकडं गेली. "माझी सुट्टी बदलून द्या ना, रुग्णालयानंच वेळ बदललीय." त्यानं दिली. ती कामावर उभी राहिली आणि तिथल्या पद्धतीप्रमाणं तिचा फोन कपाटात बंद झाला.

इकडं वडिलांनी दाढी करून घेतली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. सिस्टर टॅब धरून उभ्या होत्या. पडदा काळाच.

"फोन लावू का त्यांना?"

"नको, येईल ती. आमच्या घरात उशीर चालत नाही," ते धापा टाकत म्हणाले.

तरी सिस्टरांनी पुन्हा पुन्हा फोन लावला. तो कपाटात वाजत राहिला. डॉक्टरांनी जमेल तितकं थांबवून धरलं, मग हळूच म्हणाले, "काका, आता थांबता नाही येणार."

ते दाराकडं नाही, टॅबकडं बघत होते. नळी गेली.

कित्येक तासांनी तिकडं लेक पडद्यासमोर बसली तेव्हा सिस्टरांनी टॅब खाटेकडं वळवला. वडील डोळे मिटून पडले होते.

"पण सिस्टर, मी तर पाच मिनिटं आधी आलेय!"

ते पुन्हा बोलले नाहीत. आठवडाही काढला नाही त्यांनी.

नंतर सारवासारव झाली. माझ्या शेजारी घड्याळाचा रकाना आला खरा, पण जुन्या ओळींत तो रिकामाच आहे. कुठले चार इथले आणि कुठले प्रमाण घड्याळाचे, हे आता मलाही सांगता येत नाही. लेकीच्या ओळीत मात्र एक शेरा कायम आहे, 'नातेवाईक गैरहजर'. तिनं लिहून विनवलं, "तेवढा शब्द तरी पुसा." उत्तर गेलं की, झालेल्या भेटीची नोंद बदलता येत नाही.

मित्रांनो, मोठे झालात आणि असे रकाने आखलेत, तर वेळेशेजारी तिचं घड्याळ लिहा. एवढंच मागणं आहे माझं. पण मला आशासुद्धा उरलेली नाही. काल याच कोठारात 'औषधाची वेळ' नावाचा नवा रकाना आखला गेला. त्याच्याही शेजारी कुणी नाही.