बसमधून उतरलेला काटा

असं समजा, की तुम्ही बसमध्ये बसला आहात आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं एक गोल यंत्र आहे. दिसतं घड्याळासारखं, पण सांगतं हवेचा दाब. त्यात दोन काटे. काळा आपोआप हलतो. पितळी आपण हाताने काळ्यावर आणून ठेवायचा, म्हणजे काळा पुढे किती सरकला ते कळतं. काळा खाली घसरला तर हवा बिघडणार, वर चढला तर निवळणार.

भिंगरी अशीच बसली होती, शेजारी तिची आत्या. आत्या शिवणकाम करायची, पण जीव सगळा आभाळात. तिचं घर टेकडीवर. खाली जेटीजवळ घड्याळं दुरुस्त करणारे काका राहायचे, तेही त्याच वेडाचे. उन्हाळाभर दोघांची फोनवर चुरस चालायची, कुणाकडे पारा जास्त चढला याची. हरले की काका म्हणायचे, ही थर्मामीटर इस्त्रीजवळ ठेवते.

आता मात्र समुद्रात वादळ तयार होत होतं. ते किनाऱ्याकडे वळेल की लांबून जाईल, हे रेडिओवरही नक्की सांगत नव्हते. भिंगरीच्या बाबांची जाळी खोल पाण्यात होती. ती आणायला निघायचं का, हे ते आत्याला विचारून ठरवणार होते. एरवी बहिणीची टर उडवायचे, पण होडी सोडताना तिलाच विचारायचे.

नेमकी त्या सकाळी, पितळी काटा बसवून झाल्यावर, यंत्राची टांगायची कडी तुटली. म्हणून दोघी ते घेऊन काकांकडे निघाल्या होत्या.

दुकानात टॉवेल सोडला, तर काळा काटा पितळीच्या चांगलाच वर. काका खूश, आत्या त्याहून खूश. तिने भावाला फोन केला. काकांनी जेटीवर सगळ्यांना सांगितलं, आणि होड्यांत मासे ठेवायचा बर्फ चढू लागला.

भिंगरी अजून काट्याकडेच बघत होती. येताना तिने टॉवेलाच्या फटीतून काटा पाहिला होता.

"आत्या," ती म्हणाली, "बस थांबली की काटा पण थांबायचा. उतार लागला की परत चढायचा."

आत्याचं हसू तोंडातच राहिलं. हवेलाही वजन असतं. टेकडीवर आपल्या डोक्यावर हवा थोडी कमी, खाली थोडी जास्त, म्हणून खाली आलं की काटा चढतो. हे आत्याला ठाऊक नव्हतं का? पुरतं ठाऊक होतं. पण यंत्र इतकी वर्षं एकाच खिळ्यावर होतं, की ते कुठे जाऊ शकतं हेच ती विसरली होती. काका पक्कड हातात घेऊन तसेच खाली बसले.

मग खरा काटा कुठे होता? ते वर जाऊनच कळणार होतं. काकांनी घाईघाईने कडी जोडून दिली आणि ते जेटीवर सगळ्यांना जरा थांबवायला धावले. तेवढ्यात बाबा आले. आत्याला म्हणाले, "काय गं, काटाही तुझ्यासारखाच? घडीघडी मत बदलतो?"

"बाबा, एकदा वर चला," भिंगरी म्हणाली. "मग जा."

बर्फ वितळत होता. तरी बाबा दोघींबरोबर बसमध्ये चढले. चढ लागला तसा काळा काटा उतरू लागला. आत्याच्या गल्लीत तो पितळीला टेकला असता, तर सकाळपासून काहीच बदललं नाही असं झालं असतं. पण गल्लीच्या कितीतरी आधीच तो पितळीला ओलांडून गेला, आणि दारात पोचले तेव्हा बराच खाली होता. बाबांनी काचेवर टिचकी मारली. काटा आणखी जरासा घसरला.

"आणि जाळी?" आत्याने हळूच विचारलं.

"राहू देत. तू आधी याला खिळ्यावर टांग."

आत्या काकांना फोन लावत होती, पण तो बहुतेक दुकानातच वाजत राहिला. जेटीवरचे लोक त्यांच्या नुसत्या 'थांबा'वर किती वेळ थांबणार?

भिंगरीने पुढच्या बसची वाट पाहिली नाही. यंत्र बाबांच्या हातात दिलं, चपला काढून स्वतःच्या हातात घेतल्या आणि उतारावरून जेटीकडे पळत सुटली.