धुतलेली जाळी

केदारखेड्यात भांडी धुवायचं मशीन एकट्या गोपिकाबाईंच्या घरी. लेक रेणुकानं पुण्याहून पाठवलेलं. पहिल्यांदा बाईंनी त्याच्या तळाची, खरकटं अडवणारी जाळी तव्यासारखी राखेनं घासली, तर भोकं बुजली अन् आत पाणी तुंबलं. त्या दिवशी रेणुका फोनवर घंटाभर समजावत बसली. लग्न झाल्यापासून ती एवढं कधी बोललीच नव्हती. तेव्हापासून दर रविवारी जाळी धुवायचं विचारायला बाई तिला व्हिडिओ कॉल लावायच्या.

"माय, खालचा रॅक काढ. जाळी फिरव अन् उचल. नळाखाली मऊ ब्रशनं घास."

"हळू सांग की! मशीन बी तुझ्यासारखंच नखरेल."

जाळी वर आली तशी रेणुका स्क्रीनजवळ सरकली. "माय, ही तर लख्ख हाय. सकाळीच धुतली ना?"

"मला काय दुसरे धंदे न्हाईत?" बाई फणकारल्या, पण नजर खाली गेली. आता फोन बंद होणार, म्हणून त्यांनी जाळी होईल तितकी सावकाश बसवली. "झालं. जा, तुला कामं असतील."

रेणुकानं मागं कुणाला तरी थांबायला सांगितलं.

"न्हाई माय, वाकडी बसली. परत काढ."

जाळी बराबर बसली होती. बाईंनी मुकाट्यानं ती फिरवून काढली.