जुळ्या बाटल्या

त्या बाईंचा फोन आला तेव्हा मी पॅकिंगच्या टेबलापाशी उभी राहून माझ्याच बाटल्यांकडे बघत होते. खरं सांगायचं तर त्या फेब्रुवारीत मी दुसरं काही करतच नव्हते. दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवायच्या, चार पावलं मागं सरायचं, पुन्हा पुढं यायचं.

आमचा कारखाना झ्गेशमध्ये, एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या तळमजल्यावर. सगळे मिळून आम्ही अकराजण. मालकीण स्ताशाबाई. तीस वर्षं लोकांचे केस कापून झाल्यावर त्यांनी स्वतःचं लोशन काढलं, डोक्याच्या कातडीला चोळायचं. तेलकट डोक्यासाठी एक. त्यात हात लागला की चटका देणाऱ्या रानपानाचा अर्क आणि भरपूर स्पिरिट. कोरड्या डोक्यासाठी दुसरं. त्यात जवसाचा चीक, ग्लिसरीन, आणि स्पिरिटचा थेंबही नाही. सतरा वर्षं हा माल औषधाच्या तपकिरी बाटल्यांतून गावातल्या दुकानांत खपला. मग दुकानांच्या एका मोठ्या साखळीची खरेदी बघणारी बाई आली, लोशन हातावर चोळून म्हणाली, "माल झकास आहे हो. पण बाटली बघून खोकला आठवतो."

म्हणून बाटलीचं काम माझ्याकडे आलं. मी बोग्ना, आजवर नुसती लेबलांची चित्रं काढणारी.

मी जुळ्या बहिणी केल्या. दुधी रंगाच्या, लांब मानेच्या, बारीक चोचीच्या. एकीचं झाकण फिकं हिरवं, दुसरीचं वाळूच्या रंगाचं. अक्षरं करडी आणि इतकी नाजूक की स्ताशाबाई म्हणाल्या, "अगं, ह्या न्हाणीघरात कशाला, काचेच्या कपाटात ठेवाव्यात!" पहिली थोडी खेप आसपासच्या गावांत देऊन बघितली होती. मोठी खेप पुढच्या सोमवारी साखळीकडे निघणार होती.

आणि मंगळवारी सकाळी फोन वाजला. स्ताशाबाईंचे हात जवसाच्या चिकात होते, म्हणून त्यांनी कोपरानंच बटण दाबून आवाज मोठा केला. सगळ्यांनी ऐकलं.

"मी ओझोर्कूफहून गेनोवेफा बोलतेय. तुमच्या त्या बाटलीनं माझ्या डोक्याला आग लावलीय. आज दोन आठवडे झाले."

"कुठली बाटली घेतलीत?" स्ताशाबाईंनी विचारलं.

"कोरड्या डोक्याची. माझं डोकं वाळकं, पहिल्यापासूनच."

"त्यात आग होण्यासारखं काही नाहीच मुळी. तुम्ही तेलकटवालं लावत असणार."

"असेन! दोन्ही एकसारख्याच तर आहेत!"

"बाई, बाटलीवर लिहिलंय. वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं की. चष्मा लावून." फोनवरच्या आवाजाला धार आली. "डोकं धुताना चष्मा कोण लावतं, सांगा मला? तुम्ही लावता?"

आमच्यातलं कुणीतरी फिसकन हसलं. मी नाही.

स्ताशाबाईंनी नवी बाटली पाठवते म्हणून सांगितलं, फोन ठेवला आणि म्हणाल्या, "एखादी असतेच अशी." मग पुन्हा चीक ढवळायला लागल्या. मी खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. जेवणाच्या सुट्टीत सूप पुढ्यात गार झालं.

घरी गेले ती थेट न्हाणीत. डोक्याला फेस लावला, डोळे मिटले आणि नवऱ्याला हाक मारली. "वितोल्ड, त्या दोन बाटल्या उलटसुलट कर आणि फळीवर ठेव. मी कोरडी उचलते. दहा वेळा करायचंय."

"बरं वाटतंय ना तुला?"

"ठेव म्हटलं ना!"

दहापैकी सहा वेळा मी चुकले. माझीच बाटली, माझ्याच हातानं काढलेली. मग डोळे उघडून बघितलं. फेसाच्या पाण्यातून, न्हाणीतल्या पिवळ्या दिव्यात, फिकं हिरवं आणि वाळूचा रंग एकसारखेच दिसत होते. वितोल्ड टॉवेल घेऊन दारात उभा होता. तो एवढंच म्हणाला, "पण दिसतात छान." त्यावर मी त्याच्याशी संध्याकाळभर बोलले नाही. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

बुधवारी कामावर माझ्या हातून तीन लेबलं तिरकी बसली. गुरुवारी मी सुट्टी टाकली, गेनोवेफाबाईंचा पत्ता पाठवणीच्या वहीतून उतरवून घेतला आणि ओझोर्कूफची बस पकडली.

दार उघडलं ते एका गोल, गुलाबी बाईनं. हाताला पीठ, केस डोक्याला शेवयांसारखे चिकटलेले. "मी बाटलीवाल्यांकडून आलेय," मी म्हटलं.

"गेन्या!" ती आत ओरडली. "तुझ्या आगीचा बंब आला गं!"

ही धाकटी बहीण, अपोलोनिया. दोघी एकत्र राहायच्या. दोघींनी कपडे शिवण्याच्या कारखान्यात जन्म काढला होता. एकीचं डोकं वाळकं, एकीचं तेलकट. दोघींनी मिळून माझी जोडी विकत आणली होती आणि न्हाणीतल्या एकाच फळीवर ठेवली होती. माझी जोडी जिथं शोभावी असं मला वाटत होतं, तंतोतंत तिथंच.

ईस्टरपर्यंतचे उपास सुरू व्हायच्या आधीचा तो तळणीचा गुरुवार होता, घरात डोनट तळणं चाललं होतं. मला न विचारता बशीत दोन पडले, वर पिठीसाखर. "खा खा, आज सगळं गावच तेलकट आहे," अपोलोनियाबाई म्हणाल्या. "मीच एकटी नाही."

"तू बाराही महिने आहेस," आतून आवाज आला.

गेनोवेफाबाई बाहेर आल्या. उंच, ताठ, डोक्याला घरातसुद्धा रुमाल. त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तूच काढलीस ती बाटली?"

"हो."

"मला वाटलं कुणी पुरुष असेल. बाईला कळायला हवं होतं."

त्यांनी रुमाल सोडला. भांगाच्या दोन्ही बाजूंना कातडी लाल होती, कानामागं खपल्या धरल्या होत्या, एका ठिकाणी चिघळलं होतं.

"पहिल्याच दिवशी आग झाली नाही का?" मी विचारलं.

"झाली ना."

"मग थांबलात का नाही?"

"आग होतेय म्हणजे लागू पडतंय, असं वाटलं. आमच्या आईचं सगळं औषध आग होणारंच असायचं." त्या खुर्चीवर बसल्या. "ईस्टरनंतर नातीचं लग्न आहे. म्हटलं, तोवर कोंडा जाईल. आता रुमाल बांधून उभी राहीन चर्चमध्ये."

"आणि मी हिचं जवस चोपडत होते," अपोलोनियाबाईंनी आपल्या केसांची एक बट उचलून दाखवली. "बघ! भिंतीला कागद चिकटवता येईल!"

त्यांनी मला न्हाणी दाखवली. वाळूच्या झाकणाच्या बाटलीच्या मानेला दोऱ्यानं एक बटण बांधलेलं होतं. फोन केल्यानंतर गेनोवेफाबाईंनीच ती युक्ती केली होती. "पण दोरा भिजला की घसरतो," त्या म्हणाल्या. "आणि आणखी एक सांगू? तुझं हे जवसाचं त्या चोचीतून येतच नाही. दाबून दाबून हात दुखतो, मग एकदम भळ्ळकन येतं ते मानेवरून थेट पाठीत."

हे मला आधीच कळायला हवं होतं. स्पिरिटचं लोशन पाण्यासारखं पातळ, त्याला केसांच्या भांगात शिरणारी बारीक चोच हवी. जवसाचा चीक दाट, त्याला रुंद तोंड हवं. जोडी जुळावी म्हणून मी दोघांना एकच चोच दिली होती. जुळ्या दिसाव्यात म्हणून. बस.

निघताना मी माफी मागितली. गेनोवेफाबाईंनी रुमाल पुन्हा बांधला आणि म्हणाल्या, "माफीनं डोकं बरं होत नाही बाळ. कितीजणी असतील माझ्यासारख्या?"

हा प्रश्न बसमध्ये माझ्या शेजारी बसला. मोठी खेप वीस हजार बाटल्यांची होती.

शुक्रवारी सकाळी मी स्ताशाबाईंना म्हटलं, "सोमवारची गाडी थांबवा."

"वेड लागलंय का तुला?"

मी त्यांना लाल कातडीचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण मान हलली नाही. "वाईट झालं. पण हिरवं झाकण आणि वाळूचं झाकण कळत नाही म्हणजे काय? मी सत्तर डोकी एका दिवसात धुतलेली बाई आहे. मला तर अंधारात कळेल."

"मग धुवू तुमचं डोकं?"

"काय?"

"आत्ता. चाचणीच्या खोलीत खुर्ची आहे, पाणी गरम आहे."

सगळे बघत होते. स्ताशाबाईंना माघार घेणं माहीत नव्हतं. त्यांनी कानातले काढून खिशात टाकले आणि खुर्चीत मागं रेलल्या. मी त्यांचं डोकं धुतलं. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना हात लावत होते. पांढरे विरळ केस, खाली कागदासारखी कोरडी, नाजूक कातडी. दुसऱ्यांची डोकी सांभाळता सांभाळता स्वतःचं असं झालं होतं. फेस कपाळावरून डोळ्यांवर आला, त्यांनी डोळे गच्च मिटले.

"आता कोरड्या डोक्याची उचला," मी म्हटलं. "उजवीकडे, फळीवर आहेत."

त्यांचा हात फळीवर फिरला. एक बाटली चाचपली, सोडली, दुसरी चाचपली. पुन्हा पहिली. मग त्यांनी ठामपणे एक उचलली, झाकण फिरवलं आणि मी हात धरायच्या आत भांगात ओतली.

"आई गं!" त्या ताडकन उठल्या. फेस भिंतीवर उडाला. मी नळ सोडला, त्यांचं डोकं पाण्याखाली धरलं, त्या मला शिव्या देत होत्या आणि मी धरून ठेवलं होतं.

"तू बाटल्या बदलल्यास," टॉवेलमधून त्या म्हणाल्या.

"नाही बदलल्या."

"बदलल्यास."

"स्ताशाबाई, नाही हो बदलल्या."

त्यांनी टॉवेल डोक्यावर दाबला. मग म्हणाल्या, "मी गिऱ्हाइकाला विचारलं, वाचता येतं का म्हणून." उठून ओल्या केसांनीच आपल्या खोलीत गेल्या आणि साखळीच्या त्या बाईंना फोन लावला.

कोरड्या डोक्याचं लोशन पुन्हा जुन्या तपकिरी बाटलीत गेलं. साखळीच्या बाईंना ते आवडलं नाही. जोडी म्हणून ठरलं होतं, सुटं नको. त्यांनी फक्त तेलकटवालं घेतलं, तेही निम्मं. आमच्यातल्या दोघींना उन्हाळ्यापुरतं घरी बसावं लागलं. त्यातल्या एकीनं, हानिया तिचं नाव, जाताना मला विचारलं, "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" अजूनही ती रस्त्यात दिसली की मी चपळाईनं पलीकडे जाते.

आसपासच्या दुकानांतून पहिल्या खेपेच्या शिल्लक बाटल्या आम्ही परत आणल्या. विकल्या गेलेल्या परत येणार नव्हत्या. स्ताशाबाईंनी दुकानादुकानांत इशाऱ्याचे कागद लावले. आणखी चारजणींचे फोन आले, ते चारही मीच घेतले.

उन्हाळाभर मी कोरड्या डोक्याची नवी बाटली करत होते. नमुने मातीचे, मेणाचे, लाकडाचे. डोळे मिटून. आता ती बुटकी झाली, रुंद तोंडाची, अंगावर उभ्या खाचा. तिचं आणि हिरव्या झाकणाच्या लांबड्या बाटलीचं काही नातं आहे असं कुणी म्हणणार नाही. देखणी नव्हतीच. वितोल्ड म्हणाला, "लोणच्याची वाटते." ह्या वेळी मी हसले.

पहिली तयार बाटली घेऊन मी नोव्हेंबरात ओझोर्कूफला गेले. गेनोवेफाबाईंच्या डोक्यावर रुमाल नव्हता. नातीच्या लग्नात होता, आणि फोटोतही आहे, हे त्यांनी आल्याआल्या सांगितलं. मग दोन्ही बाटल्या घेऊन त्या न्हाणीत गेल्या, दिवा मालवला, दार लावलं.

"हां," आतून आवाज आला. "ही माझी. एकदम कळली."

अपोलोनियाबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "जिंकलीस की गं!"

पण दार उघडेना. आत खुडबुड चालली होती. मग गेनोवेफाबाई बाहेर आल्या, बाटली मुठीत धरून. त्यांची बोटं सांध्यांशी वाकलेली होती. चाळीस वर्षं कात्री धरलेली बोटं. गेल्या वेळी मी डोकंच बघत राहिले होते.

"ओळखली," त्या म्हणाल्या. "पण उघडू कशी?"

ती बाटली मी परत घेतली. बसमध्ये, तसल्या आखडलेल्या बोटांना कसं वाटतं ते कळावं म्हणून, मी लोकरीचे जाड हातमोजे घातले आणि ते झाकण फिरवायला लागले. एकदा, दोनदा, दहादा. मोजे घसरायचे, झाकण जागचं हलायचं नाही. शेजारची आजी बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"मोजे काढ की गं बये!"

"नाही, मोजे घालूनच उघडायचीय."

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, बाटली ओढून घेतली, झाकण दाढेत धरलं आणि बाटली गर्रकन फिरवली. झाकण निघालं. जवसाचा वास दोन रांगांत पसरला. मी मोजे काढले, वही उघडली आणि तिला पकड कुठं मिळाली, झाकणावर दातांचे व्रण नेमके कुठं उमटलेत, ते बघू लागले.