पहिल्या ठोक्याची जागा

"भावजी, निघाला का आवाज?" वहिनींनी दारातच विचारलं. "सकाळी ह्यांनी आपली दाढी करायला लावली मला. ऐकायचंय म्हणे."

बूट काढण्याच्या निमित्ताने मी खाली वाकलो. टेप पिशवीत होती. म्हणजे तिचे तुकडे होते.

माझा थोरला भाऊ एका क्लबात ड्रम वाजवायचा. त्याचा दावा असा : जॅझ ऐकणाऱ्यांपुरतं उरलं, नाचणारे उठून जाऊ लागले, तेव्हा त्याने उजव्या पायाने पहिल्या ठोक्यावर वजन टाकलं आणि मधल्या जागा डाव्या हाताच्या जेमतेम ऐकू येणाऱ्या ठोक्यांनी भरल्या. ऑर्गनवाल्याने प्रार्थनागृहातले सूर आणले. पुढे या वादनाला 'फंक' नाव पडलं, इतरांच्या तबकड्या निघाल्या, आणि आता यंत्रं तसलीच दोन आवर्तनं दिवसभर घोळवतात. दादाचं नाव कुठेच नाही. होती ती एक टेप.

मी हे कधी मानलं नाही. ताल एकट्याला सुचत नसतो; तो अनेक ठिकाणी, अनेक हातांत मिळून घडतो. "पुरावा दाखव," मी म्हणायचो. तो मला 'पुरावेकर' म्हणायचा आणि टेप देत नसे. गेल्या महिन्यात त्याचं उजवं अंग लुळं पडलं, तेव्हा त्याने ती वहिनींकरवी पाठवली.

जुन्या टेपा वाजत्या करणं हेच माझं आयुष्यभराचं काम. पॉलिएस्टरची टेप ओलाव्याने चिकट होते. चोपन्न अंशांवर आठ तास भट्टीत ठेवली की वाजते. त्याहून जुनी, ॲसिटेटची, मात्र भट्टीत घालायची नसते. ती आकसते, तुटते. ओळखायचं कसं? रीळ उजेडासमोर धरायचं. उजेड आरपार आला तर ॲसिटेट. खोक्यावरच्या छापावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी कित्येकांना शिकवलं.

दादाच्या खोक्यावर 'पॉलिएस्टर' छापलेलं होतं. मी ते वाचलं आणि भट्टी लावली. तो सांगत असे त्या साली पॉलिएस्टर आमच्याकडे आलेलंच नव्हतं. त्याचं म्हणणं क्षणभर खरं धरलं असतं, तरी रीळ उजेडात धरलं असतं. तुकड्यांवरून एवढंच सिद्ध झालं, की टेप तितकी जुनी असणं शक्य होतं.

"काय, पुरावेकर?" आतल्या खोलीत, पलंगावरून दादाचे शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून आले. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"वजन?"

"पहिल्यावरच आहे. मधले हलके ठोकेही स्वच्छ येतात."

त्याने डोळे मिटले. "मग लाव. हिलाही ऐकू दे."

"मशीन तिकडे राहिलं, दादा."

"उतरवून घेतली असशील ना?"

मी पिशवी पायामागे सरकवली. त्याने ते पाहिलं.

"तुला नाही जमत रे खोटं," तो म्हणाला. "सवयच नाही."

वहिनी खोलीच्या दारातून आत आल्याच नाहीत.

"रेकॉर्डर आहे? काढ." त्याने डावा हात पांघरुणावर घेतला. मी रेकॉर्डर सुरू करून त्याच्या बोटांजवळ धरला.

हलके ठोके सुरू झाले, मोजून, एकही न चुकता. उजवा पाय पांघरुणाखाली निश्चल होता. दर आवर्तनाच्या आरंभी हात थांबे, पहिल्या ठोक्यापुरती जागा मोकळी सोडी आणि पुढे जाई.

पांघरुणावरच्या त्या ठोक्यांनी रेकॉर्डरचा आवाज मोजणारा काटा एकदाही हलला नाही.