केग बेटावरून इस्पितळापर्यंत

मी एक जुनी टगबोट आहे. मित्रांनो, आधीच कबूल करते, मला बर्फाची फार भीती वाटते.

माझे गाव अर्खांगेल्स्क. उत्तरेच्या या मोठ्या बंदराजवळ द्विना नदी समुद्राला मिळण्याआधी अनेक फाट्यांत फुटते, म्हणून शहराचे काही तुकडे बेटांवर आहेत. अख्ख्या प्रांताचे इस्पितळ आणि कचेऱ्या काठावर, तर केग बेटावर लाकडी घरे आणि एक दुकान. पूल नाही. हिवाळ्यात माणसे गोठलेल्या नदीवरून चालत येतात. एप्रिलअखेर बर्फ फुटून वाहू लागला, की त्यांना फक्त आम्हा टगबोटींचा आधार.

तरुणपणी मी लाकडाने भरलेली जहाजे ओढली. माझा भोंगा ऐकून धक्क्यावरची माणसे टोप्या हलवत. पुढे मोठी जहाजे न गोठणाऱ्या बंदराकडे वळली आणि माझ्याकडे बघणारे कमी झाले. तळाचे पत्रे झिजले. उजवीकडच्या सांध्यावर कुणीतरी सिमेंट थापून वेळ भागवली. ते सगळे विसरले. मी मात्र एक दिवसही विसरले नाही.

यंदाच्या वसंतात एका दुपारी मी बेटाला लागले होते. अनफीसा आजी आपल्या सुनेला, वासिलिसाला, घसरगाडीवर घालून ओढत आली. तिचे दिवस भरले नव्हते आणि रक्त थांबत नव्हते.

"येफिम, पोरगी जाईल रे हातची!" आजी आमच्या कप्तानावर ओरडली. "समोर इस्पितळ दिसतंय, आणि मी इथं काय हात चोळत बसू?"

नदीत घराएवढे बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत होते. इंजिन सांभाळणारी राइसा हळूच म्हणाली, "काका, तळ बघितलाय ना? ही म्हातारी मधेच फाटेल."

"तू इंजिन बघ. म्हातारीचं मी बघतो."

म्हातारी म्हणजे मी. वासिलिसाला आत निजवून त्यांनी माझे दोर सोडले. मला परत दोरांनी बांधून ठेवा, असे ओरडावेसे वाटत होते.

अर्ध्या नदीत एक तुकडा आदळला, नेमका उजवीकडे. सिमेंट फुटले. थंडगार पाणी आत शिरले आणि प्रवाह आम्हाला समुद्राकडे ओढू लागला. राइसाने अंगातला जाड कोट काढून भोकात कोंबला, त्यावर फळी लावली आणि पाठ टेकवून बसली.

"काका, बुडतोय का आपण?" वासिलिसाने विचारले.

"छे गं! भोज्याला शिवायला आलाय बर्फ."

पण येफिमने सुकाणूचे चाक गच्च आवळले होते, तोही घाबरला होता. ते मला कळत होते, फक्त मलाच. तरी त्याने चाक वळवले, आणि घाबरलेली मीही वळले. एक फट दिसली. आम्ही त्यात घुसलो. पत्रे करकरले, पण इस्पितळाकडचा धक्का गाठला.

तासाभरात मुलगी झाली. आई वाचली. राइसाचे दात मात्र संध्याकाळपर्यंत वाजत होते.

वर्तमानपत्रात माझा फोटो आला. आठवडाभर लोक बघायला येत होते. मग उन्हाळा आला, आणि राइसाचा कोट अजून त्या भोकातच आहे.

मित्रांनो, मला हार घालू नका. पुढचा बर्फ फुटण्याआधी कुणीतरी खाली उतरून माझा सांधा नीट जोडा. बेटावरून पुन्हा कुणी हात हलवला, तर मी घाबरेन, पण जाईनच. तेव्हा माझ्या पोटात माणसे असतील.